जुन्या घराला जोड देताना

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या भागात दोन्ही भाषांत चालते. आमच्या वैनी धारवाडच्या. त्या म्हणतात, ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु’. अर्थ एकच, काळजीही एकच. पण दोन्ही भाषांतल्या शहाण्या माणसांची एक गोष्ट सांगायची राहून गेली. नवे घर बांधणे एकवेळ सोपे, जुन्या घराला दोन खोल्या जोडणे त्याहून कठीण. नव्या घरात वाद असतो तो पैशांचा. जुन्या घराला हात लावायचा म्हटले की पैशांबरोबर आजोबाही वादात येतात.

शहापुरातले आमचे घर आजोबांनी बांधले. पुढे सोपा, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागे परसू. जांभ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती, वर लाकडी वासे आणि मंगळुरी कौले. परसात आड, आडाशेजारी न्हाणीघर आणि कोपऱ्यात संडास. एके काळी परसात गोठाही होता. गुरे गेली आणि गोठ्यात मोडक्या खुर्च्या, जुनी भांडी आणि सायकली येऊन बसल्या.

दोन वर्षांपूर्वी ऐन आषाढात, रात्री परसातून संडासला जाताना आई घसरून पडली. मनगटावर निभावले, पण दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. तेव्हाच ठरले, आईच्या खोलीला लागून न्हाणीघर आणि संडास हवाच. शिवाय बेंगळुरूच्या कंपनीत असलेला पुतण्या आता महिन्यातले पंधरा दिवस घरून काम करतो, त्यालाही दार लावून बसायला जागा हवी. म्हणजे गरज होती दोन खोल्यांची आणि एका न्हाणीघराची.

पण घरात बैठक बसली की गरज मागे पडते आणि बेत पुढे येतात. दादा म्हणाला, ‘‘दोन खोल्यांसाठी गवंडी आणायचाच आहे तर सगळंच पाडू. तीन मजली बांधू, वरचे दोन भाड्यानं देऊ.’’ पुतण्या म्हणाला, ‘‘काका, बांधायचंच तर ग्रीन बिल्डिंग बांधू, सर्टिफिकेट घेऊ.’’ त्याच्या ओळखीने एक सल्लागार घरी आले. चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी कौलांकडे दोनदा पाहिले आणि म्हणाले, ‘‘हे उतरवा, स्लॅब टाका, वर सोलर बसवा. प्लॅटिनम मिळवून देण्याची जबाबदारी माझी.’’ वैनींनी हळूच मला विचारले, ‘‘भावजी, प्लॅटिनम म्हंजे दागिना की काय?’’

मी भूगोल शिकवणारा माणूस. इमारतींचे शास्त्र माझे नव्हे. पण उन्हाळ्याची सुट्टी होती आणि घर आमचे होते. म्हणून या प्रमाणपत्रांचे नियम मिळवून वाचायला बसलो. त्यातले जे कळले ते आज वाचकांसमोर ठेवतो आहे. आपल्या भागात आज घरोघरी हाच प्रश्न आहे. जुने घर आहे, माणसे वाढली आहेत, आणि दारात कोणीतरी ‘ग्रीन’ असा शिक्का घेऊन उभे आहे.

प्रमाणपत्र कोण देते?

पहिली गोष्ट सल्लागार प्रमाणपत्र देत नाही. तो कागदपत्रे तयार करतो. ती तपासून मानांकन देणारी संस्था वेगळी असते. आपल्याकडे मुख्यतः तीन-चार नावे ऐकू येतात. ‘लीड’ ही अमेरिकेतल्या ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची पद्धत. ही कौन्सिल १९९३ साली स्थापन झाली. आपली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, म्हणजे आयजीबीसी, २००१ साली सुरू झाली आणि तिचे मुख्य कार्यालय हैदराबादला आहे. हैदराबादच्याच सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ साली लीडचे प्लॅटिनम मानांकन मिळाले. अमेरिकेबाहेर हा मान मिळवणारी ती पहिली इमारत. २००४ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

तिसरे नाव ‘गृह’. ‘टेरी’ ही संस्था आणि केंद्राचे अपारंपरिक ऊर्जेचे मंत्रालय यांनी मिळून उभी केलेली ही देशी पद्धत, तिच्यात एक ते पाच तारे मिळतात. २५०० चौरस मीटरपेक्षा लहान बांधकामांसाठी तिचीच ‘स्वगृह’ नावाची धाकटी आवृत्ती आहे. 

लीडच्या सध्या रुळलेल्या पद्धतीत ४० गुणांना साधे प्रमाणपत्र, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड आणि ८० ला प्लॅटिनम. आमच्या परीक्षांसारखेच आहे. फरक इतकाच की इथे काही प्रश्न सक्तीचे असतात. ते सुटले नाहीत तर बाकीचे गुण कितीही असोत, उपयोग नाही. आणखी एक ध्यानात ठेवावे. ‘नोंदणी झाली’ आणि ‘प्रमाणपत्र मिळाले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्म भरला म्हणजे पदवी मिळाली असे होत नाही. जाहिरातींत मात्र हा फरक पुष्कळदा पुसट केलेला असतो.

जोडीच्या बांधकामाचा पेच

नव्या इमारतीचे सरळ असते. सगळे पहिल्यापासून मोजायचे. जोडलेल्या भागाचे तसे नाही. परीक्षा कुणाची घ्यायची, फक्त नव्या खोल्यांची की सगळ्या घराची? भिंत एक, वीज मीटर एक, पाण्याची टाकी एक. नव्या खोलीने वाचवलेली वीज जुन्या खोलीने खर्च केली तर हिशेब कोणाच्या नावावर धरायचा?

या प्रश्नाचे सगळ्यात स्वच्छ उत्तर मला आपल्या देशाच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत मिळाले. ही संहिता म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, ती नियमावली आहे. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने ती २००७ साली आणली आणि २०१७ साली सुधारली. ज्या इमारतीचा वीजभार १०० किलोवॉट किंवा करारातील मागणी १२० केव्हीए याच्या वर आहे अशा व्यापारी इमारतींसाठी ती आहे. राज्याने अधिसूचित केल्यावर ती तिथे बंधनकारक होते.

जोडीच्या बांधकामाबद्दल २०१७ ची संहिता म्हणते, जुनी इमारत आणि नवा भाग मिळून भार या मर्यादेपर्यंत पोचत असेल, तर नव्या भागाला नियम लागू. मग मालकापुढे दोन वाटा आहेत. एक, नवा भाग स्वतंत्रपणे सगळे नियम पाळतो असे दाखवा. दुसरी, जुने आणि नवे मिळून संपूर्ण इमारत जणू नवीच आहे असे समजून ती नियमांत बसते असे दाखवा. यात एक सवलतही आहे. नव्या भागाला थंड हवा जुन्याच यंत्रणेतून मिळत असेल तर ती जुनी यंत्रणा बदलायची सक्ती नाही. मात्र जे नवे यंत्र बसवाल ते नियमाप्रमाणेच हवे.

समजा, आमच्यासारख्या एखाद्या महाविद्यालयाने जुन्या इमारतीला प्रयोगशाळेचा नवा भाग जोडला. जुनी इमारत दगडी, थंड, मोठ्या खिडक्यांची असेल तर दुसरी वाट सोयीची पडू शकते, कारण जुन्याचे गुण नव्याला मिळतात. जुनी इमारत पत्र्याची आणि तापणारी असेल तर पहिली वाट बरी. दवाखाने, मंगल कार्यालये, मोठी दुकाने चालवणाऱ्या वाचकांनी हा मुद्दा आपल्या इंजिनिअरला आराखडा काढण्याआधीच विचारावा. स्लॅब पडल्यावर विचारून उपयोग नाही.

साध्या घराचा वीजभार चार-पाच किलोवॉटचा. त्याला ही संहिता लागू होत नाही. घरांसाठी ‘इको निवास संहिता’ नावाची वेगळी नियमावली २०१८ साली आली. ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारती डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर सुमारे पाच गुंठे. २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या भाराच्या निवासी इमारतीही कक्षेत आल्या आणि भाराची मर्यादा खाली आणण्याची मुभा राज्यांना मिळाली. आमचे घर यातल्या कशातच बसत नव्हते. म्हणजे सक्ती नव्हती, हौस होती. हे कळल्यावर निम्मा ताण उतरला.

जुने राखल्याचे गुण किती?

आता दादाच्या बेताकडे येऊ. सगळे पाडून तीन मजली बांधायचे आणि त्याला ‘ग्रीन’ म्हणायचे. मला प्रश्न पडला, पाडण्याचे गुण कापत नाहीत का?

लीडच्या २००९ च्या आवृत्तीत जुन्या भिंती, जमिनी आणि छपराचा सांगाडा राखल्याबद्दल गुण होते. ५५ टक्के राखले तर एक, ७५ टक्क्यांना दोन, ९५ टक्क्यांना तीन. पण त्यात एक अट होती, आणि ती नेमकी आपल्यासारख्यांसाठी महत्त्वाची. नवा भाग जुन्या इमारतीच्या दुपटीहून मोठा असेल तर हे गुण मागताच येत नाहीत. म्हणजे १२०० चौरस फुटांचे जुने घर जपले आणि मागे २५०० चौरस फुटांचे नवे उभे केले, तर जुने जपल्याचे श्रेय नाही. शेपटीला म्हैस जोडून म्हैस राखली असे म्हणता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

त्याच नियमात आणखी एक बारीक ओळ होती. राखलेल्या भागाची मोजणी करताना खिडक्या आणि छपराचे वरचे, भार न पेलणारे आवरण धरू नये. ही ओळ वाचून मी क्षणभर थांबलो. आमच्या घरात राखण्यासारखे काय, तर सागवानी खिडक्या आणि कौले. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरूला काढला, आणि पुढे ही कौले आपल्या भागात घरोघरी पोचली. आमच्या छपरावरची कौले आजोबांच्या वेळची आहेत. एक फुटले तर एक बदलते, बाकीची जिथल्या तिथे. पण त्या हिशेबात ती शून्य. नियम करणाऱ्यांचा दोष नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर डांबरी आवरणे आणि एकेरी काचेच्या गळक्या खिडक्या असाव्यात. थंड देशात तशी खिडकी बदललेलीच बरी. पुढे २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत हे गणित बदलले. एकूण पृष्ठभागाच्या २५ टक्के पुनर्वापरालाही गुण मिळू लागले, दारे आणि फरशाही हिशेबात आल्या आणि वारसा इमारत जपल्यास पाच गुण ठेवले गेले. खिडक्या मात्र तेव्हाही बाहेरच राहिल्या. २०२५ साली लीडची पाचवी आवृत्तीही आली आहे. त्यामुळे कोणी नियम सांगू लागला की ‘कोणत्या आवृत्तीचा?’ हे विचारायला लाजू नये.

जुनी इमारत हिरवी होऊच शकत नाही, हाही समज खरा नाही. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ सालची. दुरुस्त्या करून २०११ साली तिने जुन्या इमारतींच्या गटात लीडचे गोल्ड मिळवले. आपल्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलाही २०२१ साली आयजीबीसीचे गोल्ड मिळाले.

आणि पाडण्याचा खर्च नुसता पैशांत नसतो. सिमेंट, लोखंड, भाजकी वीट बनवताना कोळसा जळतो, ट्रक धावतात. अमेरिकेच्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशनने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा हिशेब मांडला आहे. नवी, कमी वीज खाणारी इमारत बांधताना हवामानाचे जे नुकसान होते ते तिच्या बचतीतून भरून निघायला, इमारतीच्या प्रकाराप्रमाणे, १० ते ८० वर्षे लागतात. हा आकडा तिथल्या शहरांचा आहे, जसाच्या तसा बेळगावला लावू नये. पण दिशा कळते. दादाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘‘ऐंशी वर्षांनी मी असणार नाही आणि तूही. भाडं मात्र पुढच्या महिन्यापासून येईल.’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

कौल, स्लॅब आणि वैनींची केरसुणी

जुन्या घराबद्दल हळवे होणारे बहुतेक लोक ते झाडत नाहीत. मीही त्यातलाच. ‘‘हंचिन मनी अंद्र तंपु,’’ कौलांचे घर म्हणजे थंडावा, हे वैनींना मान्य आहे. पण त्यांचे पुढचे वाक्य असे, ‘‘थंड खरं, पण वरनं रोज माती पडते ती कोण झाडतंय? शाकारणीला माणूस मिळतोय काय?’’ खरेच आहे. मृगाच्या आधी छपरावर चढून कौले परतणारी माणसे आता शोधावी लागतात. माजघरात दिवसा दिवा लावावा लागतो. माकडे आली की चार कौले जातात. 

दुसरीकडे स्लॅबचे दुःखही आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री नऊ-दहापर्यंत ते खोलीत सोडत राहतो. छपरातून उष्णता किती झिरपते ते मोजायचा एक आकडा असतो. तो जितका लहान तितके छप्पर चांगले. इको निवास संहिता म्हणते, हा आकडा १.२ च्या वर जाऊ नये. उघड्या, सहा इंची स्लॅबचा तो तीनच्या वर जातो. म्हणजे सल्लागारांनी सुचवलेली ‘कौले उतरवा, स्लॅब टाका’ ही वाट, वर काही उपाय न करता घेतली, तर हिरव्याच्या नेमकी उलट जाते. स्लॅबवर सुमारे इंचभर जाडीचा चांगल्या प्रतीच्या फोमचा थर घालून वर पाणीरोधक थर आणि पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले की हा आकडा एकच्या आत येतो. पुतण्याने गणित करून दाखवले, मी तपासले.

दुसरा नियम खिडक्यांचा. त्यासाठी देशाचे हवामान विभाग पाडलेले आहेत. २०१७ च्या संहितेच्या यादीत बेळगाव ‘उष्ण आणि दमट’ विभागात आहे. बेळगावचा गारवा मिरवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा लागते. बेंगळुरू समशीतोष्ण आणि आम्ही उष्ण-दमट! पण त्याचा फायदा घ्यावा. घरांच्या संहितेत या विभागासाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र जमिनीच्या सुमारे एक षष्ठांश हवे असे म्हटले आहे. १०० चौरस फुटांच्या खोलीला सोळा-सतरा चौरस फूट. इथे एक गोम आहे. सरकत्या काचांची चार फूट बाय चार फुटांची खिडकी दिसते सोळा फुटांची, उघडते आठ फुटांचीच. कारण एक काच दुसरीमागे जाऊन बसते. बिजागरीची जुनी लाकडी खिडकी मात्र जवळजवळ पूर्ण उघडते. आजोबांना संहिता माहीत नव्हती, वारा माहीत होता.

वर चढवावे की मागे वाढवावे?

पुतण्याची एक सूचना अशी होती की जुने घर तसेच ठेवून वर एक मजला चढवू. हिरव्या हिशेबात हे छान दिसते. जमीन झाकली जात नाही, परसू मोकळे राहते. पण प्रमाणपत्राच्या आधी एक परीक्षा असते, ती भिंतींची. मातीत रचलेल्या भिंतींवर सिमेंटचा मजला पेलत नाही. आई अजून १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची रात्र सांगते. इंजिनिअरांनी स्पष्ट सांगितले की मजला चढवायचा तर घरातून स्वतंत्र कॉलम वर न्यावे लागतील, म्हणजे छप्पर उतरवायचे, जमिनी उकरायच्या. मग राखायचे उरले काय?

शेवटी कागद बाजूला ठेवून आम्ही आईला विचारले. इतके दिवस तिला कोणी विचारलेच नव्हते. ती म्हणाली, ‘‘मला मजला नको आणि पितळेची पाटीही नको. रात्री छत्री न घेता संडासला जाता आलं पाहिजे. आणि आड बुजवू नका.’’

गोठ्याच्या जागेवर बांधायचे ठरले. चारशे चौरस फूट. आईची खोली, लागून न्हाणीघर आणि संडास, पलीकडे पुतण्याची खोली. दादाने मान हलवली, पण चार दिवस तो नीट बोलला नाही. भाड्याचे उत्पन्न त्याने सोडले होते, आणि ते सोडणे त्याच्या वाट्याला आले होते, माझ्या नव्हे. हे इथे लिहिले पाहिजे, नाहीतर लेख खोटा होईल.

काय केले, काय राहिले

प्रमाणपत्र घेतले नाही. चारशे फुटांसाठी नोंदणी, कागदपत्रे, सल्लागार यांचा खर्च आम्हाला परवडणारा नव्हता. पण नियमावल्या मात्र यादीसारख्या वापरल्या. ज्यांना असे बांधकाम करायचे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

नवा भाग जुन्या भिंतीवर टेकवला नाही. त्याचे कॉलम स्वतंत्र, आणि जुन्या-नव्यात बोटभर फट. नवे बांधकाम पहिली काही वर्षे बसते, जुने बसून झालेले असते. दोन्ही घट्ट बांधली की भेग जाते ती जुन्या भिंतीला.

गोठ्याची कौले, वासे आणि दार वाया घालवले नाही. दार पुतण्याच्या खोलीला लागले. कौले आणि वासे पुढच्या छपराच्या दुरुस्तीला जपून ठेवले. आता तसे लाकूड मिळायचे नाही.

नव्या खोल्यांवर वैनींच्या आग्रहाने स्लॅबच टाकला, पण फोमचा थर आणि पांढरी फरशी घालून. पश्चिमेला खिडकी लहान आणि वर रुंद छज्जा. उत्तरेला मोठी, बिजागरीची. माजघराच्या छपरात चार काचेची कौले बसवली. दिवसाचा दिवा बंद झाला.

स्लॅबचे पाणी पन्हळीतून गाळून आडात सोडले. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चारशे चौरस फूट म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर. बेळगावात पाऊस हजार मिलिमीटर सहज ओलांडतो. उडून, सांडून गेलेले वजा केले तरी तीस हजार लिटर आडात जायला हरकत नाही. बेंगळुरूत २००९ साली पाऊसपाणी साठवणे सक्तीचे झाले तेव्हा नव्या बांधकामांना तीस बाय चाळीसच्या भूखंडापासून आणि जुन्या घरांना चाळीस बाय साठच्या भूखंडापासून अट घातली होती. जुन्याला थोडी सूट आणि नव्याला अट, हा व्यवहार मला रास्त वाटतो.

मग प्रमाणपत्र निरुपयोगी का? तसे मुळीच नाही. मोठी शाळा, दवाखाना, वसतिगृह, अपार्टमेंट बांधणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे. बाहेरचा माणूस येऊन तपासतो म्हणून तरी कामे नीट होतात. आपल्यापैकी ज्यांची बांधकामे सीमेपलीकडे कोल्हापूर-सांगलीकडे आहेत त्यांना आणखी एक लाभ आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत मानांकनाच्या पायरीप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटई क्षेत्र मिळण्याची तरतूद आहे. मात्र सल्लागाराला तीन प्रश्न आधी विचारावेत. मानांकन नव्या भागाला मिळणार की सगळ्या इमारतीला? कोणत्या पद्धतीचे, कोणत्या आवृत्तीचे? आणि आमचे जुने किती राखले तर किती गुण? तिन्हींची उत्तरे लेखी आली तर पुढे चहा पाजावा.

गेल्या पावसाळ्यात नव्या-जुन्याच्या सांध्यातून एका कोपऱ्यात पाणी आलेच. मेस्त्रींना बोलावून पन्हळीचा पत्रा पुन्हा बसवून घ्यावा लागला. दादाने ‘मी सांगत होतो’ असे म्हणून घेतले आणि शिडी मात्र स्वतःच धरली. भरदुपारी आम्ही सगळे अजून पुढच्या सोप्यातच जाऊन बसतो, कौलांखाली. केर वैनीच काढतात, पण आता रविवारी पुतण्याची पाळी असते.

आणि आई रात्री उठते, भिंतीला हात लावत पाच पावले जाते आणि परत येऊन झोपते. बाहेर पाऊस पडत असतो. छत्री दारामागे टांगलेली असते, कोरडी.